अहज्याचं वय आणि तुमचा मोकळेपणा

आदरणीय फादर,

बायबलमधल्या विसंगतींवरचे वाद मी पुष्कळ ऐकले आहेत. एकजण यादी घेऊन बसतो, दुसरा तिच्यातल्या प्रत्येक ओळीला ठिगळ लावतो. मूळ मजकूर वाचायची तसदी दोघंही घेत नाहीत. तुमच्याशी वाद घालताना मात्र दर वेळी पुस्तक उघडावं लागलं. त्याबद्दल हे जाहीर आभार.

मी श्रद्धावान नाही, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी अहज्याचं वय काढलं, तेव्हा तुम्ही बचाव करत बसला नाहीत. बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात हा राजा २२ व्या वर्षी गादीवर बसतो, ‘२ इतिहास’च्या २२ व्या अध्यायात ४२ व्या. तुम्ही मला आदला अध्याय काढायला लावलात. तिथे त्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी राजा होतो, ८ वर्षं राज्य करतो आणि मरतो. म्हणजे बाप गेला चाळिशीत आणि त्याच्या जागी बसलेला सगळ्यात धाकटा मुलगा ४२ वर्षांचा! ‘नक्कल करणाऱ्याच्या हातून आकडा चुकला,’ एवढं बोलून तुम्ही मोकळे झालात. हा हिशेब माझ्या यादीत नव्हता. माझी बाजू तुम्हीच माझ्यापेक्षा भक्कम केलीत.

गल्याथ या राक्षसी योद्ध्यावर मात्र आपलं जमलं नाही. त्याला दावीदाने मारलं हे पोरासोरांनाही माहीत असतं. पण २ शमुवेल २१ मध्ये त्याला मारणारा एल्हानान आहे आणि १ इतिहास २० मध्ये तोच एल्हानान गल्याथाच्या भावाला, लहमीला मारतो. तुमच्या मते शमुवेलाच्या पुस्तकातली ओळ नकलांमध्ये बिघडली. मला वाटतं, अडचण ओळखून ‘इतिहास’ या पुस्तकाच्या लेखकाने ती मागाहून सारवली. दोन्ही मतांचे अभ्यासक आहेत, हेही तुम्हीच सांगितलंत. प्रतिपक्षाला असा दारूगोळा कोण पुरवतं?

येशूची कबर रिकामी सापडते तो प्रसंग तर मी हुकमी एक्का म्हणून ठेवला होता. चारही शुभवर्तमानांत तिथे गेलेल्या बायका वेगळ्या. मत्तयात दोन मरीया, मार्कात त्यांच्याबरोबर सलोमे, लूककडे योहान्ना आणि इतरही, योहानाकडे एकटी मग्दालीया मरीया. तुम्ही योहान २० मधली दुसरी ओवी मोठ्याने वाचलीत. एकटी दिसणारी ती मरीया पेत्राला सांगते, त्याला कुठे ठेवलं ‘आम्हाला’ ठाऊक नाही. आम्हाला! कोणाचं नाव न घेणं आणि ती व्यक्ती तिथे नव्हती असं म्हणणं, या वेगळ्या गोष्टी आहेत हे मी तिथेच मान्य केलं. नीतिसूत्रे २६ बद्दल तर वाद घालण्यातच अर्थ नव्हता. मूर्खाला उत्तर देऊ नकोस आणि मूर्खाला उत्तर दे, अशी दोन वचनं लागोपाठ ठेवणारा काही झोपेत नव्हता.

येशूला पैसे घेऊन पकडून देणाऱ्या यहूदाच्या मरणावर तुम्ही हात टेकलेत. मत्तय म्हणतो त्याने गळफास घेतला आणि त्या पैशातून शेत याजकांनी विकत घेतलं. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक म्हणतं शेत त्यानेच घेतलं आणि तो पडून पोट फुटून मेला. दोर तुटला असेल, ही नेहमीची जोडणी तुम्हाला स्वतःलाच पटत नाही, असं तुम्ही सरळ सांगितलंत.

ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताने बायबलचा भाषांतरकार जेरोम याला लिहिलेल्या पत्रातल्या तीन शक्यताही तुम्हीच माझ्या पुढ्यात ठेवल्यात: बायबल वाचताना अडखळलो तर एक तर प्रत सदोष असेल, किंवा भाषांतरकाराला अर्थ लागला नसेल, किंवा आपल्याला कळलं नसेल. मूळ लेखकच चुकला असेल, ही चौथी का नाही, असं मी विचारलं. ‘आपला खरा वाद तेवढाच आहे, बाकी सगळा पसारा,’ हे तुमचं उत्तर. इतका नेमका मुद्दा एवढ्या भांडणांत मला कोणी काढून दिला नव्हता.

आता वधस्तंभाचा दिवस राहिला. मार्कात येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं भोजन हेच वल्हांडण या यहुदी सणाचं भोजन. योहानात दुसऱ्या दिवशी सकाळी येशूला रोमन सुभेदाराकडे नेणारे यहुदी लोक विटाळ नको म्हणून वाड्यात शिरत नाहीत, कारण वल्हांडणाचं भोजन अजून व्हायचं आहे. पुढच्या भेटीत मी मार्कची बाजू घेणार आहे. तुम्ही योहान घ्या.

आपला स्नेही