स्वतःला भेटलं म्हणून विश्व फुटत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला टाइम ट्रॅव्हलच्या गोष्टींवरचा लेख वाचला, आवडला, पण त्यातल्या चौकटीत 'टाइम ट्रॅव्हलर स्वतःलाच भेटला तर विश्वाचा नाश होतो, हा या कथांचा नियम' असं ठळक अक्षरात छापलंय ते काही पटलं नाही. असा नियम-बियम काही नाहीये हो. आणि उदाहरण दिलंय 'बॅक टू द फ्युचर'चं, तर त्याचा १९८९चा दुसरा भाग परत एकदा बघाच. टाइम मशीन बनवणारा शास्त्रज्ञ डॉक घाबरवतो खरा की विश्व नष्ट होऊ शकतं, पण हिरोची मैत्रीण जेनिफर आणि भविष्यातली म्हातारी जेनिफर समोरासमोर आल्यावर होतं काय तर दोघी चक्कर येऊन पडतात, बस्स. त्याच पिक्चरमध्ये खलनायक बिफ म्हातारपणी १९५५मध्ये जाऊन तरुण बिफला गाठतो, पुढच्या मॅचच्या निकालांचं पुस्तक हातात देतो, वर पोरगा वाक्प्रचार चुकीचा बोलतो म्हणून त्याला झापतो पण. पुढे इतिहास बिघडतो, पण तो त्या पुस्तकामुळे, भेटीमुळे नाही.

मला यातली भारी गोष्ट वेगळीच वाटते. तरुण बिफला शेवटपर्यंत कळत नाही की हा खडूस म्हातारा कोण. म्हाताऱ्याला सगळं माहीत आणि पोराला काहीच नाही, बहुतेक चांगल्या गोष्टींचा जीव यातच आहे आणि लेखात यावर एक ओळ नाही.

अमेरिकन विज्ञानकथा लेखक हाइनलाइनची १९४१ची 'बाय हिज बूटस्ट्रॅप्स' ही कथा घ्या. बॉब विल्सन खोलीला कुलूप लावून थिसिस टाइप करत बसलाय, मागून आवाज येतो, बघतो तर एक माणूस उभा, चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो पण ओळख पटत नाही. नंतर तोच प्रसंग आपण त्या आगंतुकाच्या बाजूने वाचतो, मग तिसऱ्याच्या, आणि तिघंही बॉबच. समोरचा आता काय बोलणार हे माहीत असूनही याच्या तोंडून तेच जुने संवाद निघतात. आणि ती वही! परक्या भाषेचे शब्द लिहिलेली वही त्याला मिळते, वापरून फाटायला येते म्हणून तो नवीन वहीत उतरवून काढतो, आणि मग लक्षात येतं की ही नवी वही म्हणजेच ती आधी मिळालेली वही. मग मुळात ते शब्द लिहिले कोणी? कोणीच नाही. सुरुवातच नसलेल्या अशा कोड्याला 'बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स' म्हणतात, ते नाव याच कथेवरून पडलंय.

बॉबने स्वतःला ओळखलं नाही हे काहींना खोटं वाटतं, मला नाही वाटत. मध्ये एक जुनी कॅसेट लावली तर कोणीतरी पोरगा अगदी आत्मविश्वासाने भलतंसलतं बोलत होता, दोन-तीन मिनिटं मी 'हा कोण आगाऊ' म्हणत ऐकत बसलो आणि तो मीच निघालो. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये ते नसतं म्हणून तो परका वाटतो. चेहऱ्याचंही तेच, आपण आयुष्यभर बघतो तो आरशातला उलटा.

'लूपर' (२०१२) मात्र मला तितकासा जमलेला वाटत नाही, म्हणजे पिक्चर मस्तय, पण एका तरुणाची बोटं तोडली की भविष्यातून आलेल्या, पळणाऱ्या म्हाताऱ्याची, म्हणजे त्याच्याच म्हातारपणीच्या रूपाची बोटं त्या क्षणी गायब? अरे मग मधली तीस वर्षं त्याने बिनबोटांचीच काढली ना, तो इथवर पोचला कसा!

आणि अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याची 'द अदर' ही कथा लेखात नाही म्हणजे कमालच झाली. १९६९मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजला नदीकाठच्या बाकावर म्हातारा बोर्हेस बसलेला, शेजारी तरुण बोर्हेस येऊन बसतो, पण त्याच्या मते तो बाक जिनिव्हात आहे. म्हातारा पुरावा म्हणून घरातल्या वस्तू सांगतो, पुस्तकं सांगतो. पोरगा म्हणतो यावरून काहीच सिद्ध होत नाही, मी तुम्हाला स्वप्नात बघत असेन तर मला माहीत असलेलं तुम्हाला माहीत असणारच. मग विचारतो, तुम्ही जर मी होतात, तर एक म्हातारा भेटून असं बोलला होता हे तुम्ही विसरलात कसे? म्हातारा सांगतो, प्रकार इतका विचित्र असेल की मीच तो विसरून टाकला असेल.

ना स्फोट, ना मशीन. चौकटीची दुरुस्ती छापलीत तर बरं होईल, आणि जागा असेल तर या कथेवर स्वतंत्र लेख येऊ द्या.

आपला,
एक जुना वाचक