अपघाताचा सराव आणि पडद्यावरचा लाल ठिपका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

महामार्गावर अपघात झाल्यानंतर नियंत्रण कक्षातील ऑपरेटर, वाहतूक पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि क्रेनवाले यांनी एकमेकांशी जुळवून काम कसे करावे, याचा सराव आता संगणकावर करता येतो आणि त्यासाठीचे प्रसंग तयार करणारी सॉफ्टवेअरही उपलब्ध आहेत. ही सोय उपयोगाची आहे, याविषयी वाद नाही. मात्र अशी सॉफ्टवेअर निवडताना सगळ्यांचे लक्ष पडद्यावरच्या चित्राकडे जाते. सरावाचा प्रसंग लिहायचा कोणी आणि त्यात काय काय घालता येते, हे कोणी विचारत नाही. बरीच वर्षे या प्रशिक्षणात प्रशिक्षक म्हणून काढल्यामुळे याच एका मुद्द्यावर लिहीत आहे.

आमच्याकडे आलेल्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये अपघात घडताक्षणी नकाशावर नेमक्या जागी लाल ठिपका उमटत असे. त्यावर क्लिक केले की कोणत्या बाजूचा रस्ता, कितवी मार्गिका, किती वाहने आणि किती जखमी, हे सगळे एका चौकटीत दिसे. पहिल्याच दिवशी एका प्रशिक्षणार्थीने रुग्णवाहिका पाठवणे, मार्गिका बंद करणे आणि अलीकडच्या फलकावर सूचना झळकवणे ही तिन्ही कामे अर्ध्या मिनिटाच्या आत उरकली आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. प्रत्यक्ष कक्षात त्या अर्ध्या मिनिटात फोनवरच्या घाबरलेल्या माणसाला तो कुठे उभा आहे, एवढेही सांगता आलेले नसते. दुसऱ्या दिवसापासून मी सराव सुरू होण्यापूर्वी पडद्याच्या त्या भागावर कागद चिकटवू लागलो आणि शेजारच्या खोलीतून स्वतःच फोन करू लागलो. लाखमोलाच्या यंत्रणेत सर्वांत उपयोगी पडला तो कागद, असे मी तेव्हा थट्टेने म्हणत असे.

अपघात हाताळण्याच्या कामात खरी कसोटी लागते ती सुरुवातीच्या काही मिनिटांत, म्हणजे घटना कळणे आणि तिची खातरजमा होणे या दोन टप्प्यांत. पहिला फोन येतो तेव्हा ‘ट्रक उलटलाय’ एवढेच कळते. दुसरा माणूस दुभाजकाच्या पलीकडून बोलत असतो, त्यामुळे त्याची डावी बाजू ही पहिल्याची उजवी असते. तिसरा सांगतो की ट्रक नाही, टँकर आहे. या तीन फोनांवरून अपघात एक झाला की दोन, हे ऑपरेटरला ठरवावे लागते. आणि रुग्णवाहिका चुकीच्या बाजूच्या रस्त्याने गेली तर पुढच्या वळणमार्गापर्यंत जाऊन परत येण्यातच तिचा वेळ जातो. म्हणून प्रसंग रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घटना आणि घटनेविषयीची माहिती या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिता आल्या पाहिजेत: प्रत्यक्षात काय घडले ते एकीकडे, आणि कोणाला त्यातले किती, केव्हा आणि किती चुकीचे कळते ते दुसरीकडे. मी पाहिलेल्या बहुतेक यंत्रणांत ही विभागणीच नव्हती.

टँकरचेच उदाहरण पाहा. धोकादायक माल नेणाऱ्या वाहनाच्या पाटीवरील चार आकडी क्रमांक (नोंदणी क्रमांक नव्हे) हा अशा पदार्थांच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील असतो. 1203 म्हणजे पेट्रोल आणि 1075 म्हणजे द्रवरूप पेट्रोलियम वायू. उत्तर अमेरिकेत आपत्कालीन पथकांसाठी जी मार्गदर्शक पुस्तिका वापरली जाते, तिच्यानुसार पेट्रोलचा टँकर आगीत सापडला असेल तर सर्व दिशांना 800 मीटर परिसर मोकळा ठेवायचा असतो, वायूचा असेल तर 1600 मीटर. दुप्पट अंतर म्हणजे वाहतूक कुठे अडवायची ती जागा वेगळी, पर्यायी मार्ग वेगळा आणि मदतीला आलेल्या गाड्या उभ्या करण्याचे ठिकाणही वेगळे. तेव्हा फोनवरच्या माणसाला ‘मागच्या पाटीवर कोणता आकडा आहे, जवळ न जाता दिसतो का?’ असे विचारण्याची सवय लावणे हा सरावाचा गाभा आहे. पण सॉफ्टवेअरच्या चित्रसंग्रहातला टँकर चकचकीत असतो, त्याची सावलीसुद्धा सूर्याप्रमाणे फिरते, आणि पाटी मात्र कोरी असते.

आता कोंडीकडे वळतो, कारण येथे चूक सहज नजरेत येत नाही. तीन मार्गिकांपैकी एक अडली तर रस्त्याची क्षमता एक तृतीयांशाने घटेल, असे साधे गणित कोणीही मांडेल आणि प्रसंग लिहिणारा अजाणतेपणी सॉफ्टवेअरकडूनही तेच करवून घेतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. रस्त्यांच्या क्षमतेविषयीचा अमेरिकी संदर्भग्रंथ असलेल्या ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’च्या 2000 सालच्या आवृत्तीतील कोष्टकानुसार एका दिशेला तीन मार्गिका असलेल्या द्रुतगती मार्गावर अपघाताने एक मार्गिका अडली, तर मूळ क्षमतेच्या सुमारे 49 टक्के उरते, दोन अडल्या तर 17 टक्के, आणि अपघातग्रस्त वाहन पूर्णपणे कडेच्या पट्टीवर असले तरीही 83 टक्केच उरते. उरलेल्या मार्गिकांतून जाणारे चालक वेग कमी करून पाहत जातात, ऐनवेळी मार्गिका बदलतात, मदतीच्या गाड्यांना वाट देतात, त्याचा हा परिणाम आहे.

या फरकाने सरावात काय होते, ते आकडे मांडून पाहू. समजा, रस्त्याची क्षमता ताशी 6000 वाहने आहे आणि त्या वेळी ताशी 4500 वाहने येत आहेत. साध्या गणिताने 4000 ची क्षमता उरते, ताशी 500 वाहने मागे साठतात आणि अर्ध्या तासात 250 वाहनांची रांग लागते. कोष्टकाप्रमाणे मात्र 2940 ची क्षमता उरते आणि त्याच अर्ध्या तासात 780 वाहने साठतात. रांग तिपटीहून मोठी झाली, म्हणजे तिचे शेपूट कितीतरी मागे, कदाचित वळणाआड गेले. आणि दुसरा अपघात घडण्याची भीती असते ती तिथेच, कारण भरधाव येणाऱ्या चालकाला उभी रांग अचानक दिसते. आधीच्या हिशोबावर सराव केलेला ऑपरेटर सावधगिरीची सूचना त्या शेपटाच्या पुढच्या फलकावर लावील, जिथे ती वाचणारा माणूस आधीच रांगेत अडकून बसलेला असेल.

याहून मजेशीर अनुभव मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा. जर्मनीच्या अवकाश संशोधन केंद्राने, म्हणजे डीएलआरने, विकसित केलेले ‘सुमो’ हे 2001 पासून उपलब्ध असलेले, प्रत्येक वाहनाची हालचाल स्वतंत्रपणे मोजणारे उत्तम सॉफ्टवेअर आहे आणि ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरील खुल्या नकाशावरून कोणताही रस्ता त्यात थोड्या वेळात उतरवता येतो. आम्ही त्यावर एक प्रसंग बेतला, रस्ता पूर्ण बंद केला आणि रांग वाढताना पाहत बसलो. पाच मिनिटांनी रांगेतली पुढची वाहने एकेक करून नाहीशी होऊ लागली! एका प्रशिक्षणार्थीने ‘क्रेन पोचली वाटतं’ असे समाधानाने म्हटलेही. झाले होते ते असे की, 300 सेकंदांहून अधिक काळ जागीच खोळंबलेले वाहन उचलून पुढे नेऊन ठेवण्याची व्यवस्था या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच असते. मोठ्या शहराच्या वाहतुकीचा अभ्यास करताना एखाद्या चौकातल्या गुंत्यामुळे सगळी गणना ठप्प होऊ नये, यासाठी ती योग्यच आहे, आणि एक आकडा बदलला की बंदही होते. पण अपघाताच्या सरावात खोळंबा हाच विषय असतो, आणि तो आकडा बदलायचा असतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती प्रसंग आपोआप निवळत राहतो. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. दुसऱ्या कामाचे हत्यार आम्ही आमच्या कामाला लावले होते, आणि तसे ते लावताना काय काय फिरवावे लागते हे आम्हाला सांगणारे कोणी नव्हते.

प्रसंग लिहिण्याच्या प्रमाणभाषांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. वाहन उद्योगासाठी प्रमाणपद्धती ठरवणाऱ्या ‘असॅम’ या संस्थेची ‘ओपनसिनारिओ’ ही पद्धत रस्त्यावरचा घटनाक्रम लिहिण्यासाठी प्रसिद्ध आहे. अमुक वाहन तमुक अंतरावर आले की पुढच्याने ब्रेक लावावा, अशा अटी तीत नेमकेपणाने मांडता येतात. परंतु तिचा जन्म प्रामुख्याने स्वयंचलित मोटारी आणि चालक-साहाय्य यंत्रणा यांच्या चाचणीसाठी झाला. तिच्यातला नायक म्हणजे मोटार. वायरलेसवर कोण काय बोलले, क्रेनवाल्याने फोन उचलला नाही, पोलीस हवालदार पोचला पण त्याच्याकडे शंकू नव्हते, हे तीत लिहू जाणे म्हणजे वेळापत्रकाच्या रकान्यांत नाटक लिहिण्यासारखे आहे. रस्ता आणि वाहने यांच्यासाठी अशी खुली प्रमाणपद्धत जरूर वापरावी, म्हणजे सॉफ्टवेअर बदलले तरी मेहनतीने तयार केलेले प्रसंग वाया जात नाहीत. माणसांच्या वागण्यासाठी मात्र वेगळा, साध्या भाषेतला थर हवा.

तो थर लिहिणारा माणूस प्रशिक्षक असला पाहिजे, हा माझा मुख्य आग्रह आहे. आपत्कालीन सरावांच्या परिभाषेत आयत्या वेळी आत सोडलेल्या घटनेला ‘इंजेक्ट’ म्हणतात. आठ मिनिटांत क्रेन मागवली गेली नाही, तर रांगेतल्या एका बसचालकाचा संतापलेला फोन यावा. रस्ता पूर्ण बंद केला, तर पर्यायी मार्गावरच्या अरुंद पुलावर एक अवजड वाहन अडकावे. सगळे सुरळीत चालले असेल, तर घटनास्थळीचा कॅमेरा बंद पडावा. अशी वाक्ये कोणताही अनुभवी प्रशिक्षक चहा पिता पिता वीस सांगेल, कारण ती त्याने भोगलेली असतात. पण ती सॉफ्टवेअरमध्ये घालण्यासाठी जर त्याला प्रोग्रामरकडे अर्ज करावा लागत असेल आणि बदल होऊन यायला महिना लागत असेल, तर तो वर्षभर तेच चार प्रसंग चालवत राहतो. तिसऱ्या तुकडीपर्यंत उत्तरे फुटतात आणि पुढच्या तुकडीला टँकर कोणत्या मिनिटाला पेटणार हे आधीच पाठ असते. विमानाच्या सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षकासाठी स्वतंत्र आसन आणि स्वतंत्र पडदा असतो, तिथून तो हवा तेव्हा इंजिन बंद पाडू शकतो. रस्त्याच्या सरावात प्रशिक्षकाला मागे उभे राहून नुसते पाहावे लागते, हे मला कधीच पटले नाही.

सराव संपल्यानंतरच्या चर्चेसाठी नोंदी कशा राहतात, हेही तपासण्यासारखे आहे. आमच्याकडच्या एका यंत्रणेत शेवटी फक्त गुण दिसत. बहात्तर गुण कशाचे, हे विचारल्यावर पुरवठादाराच्या माणसाने ‘प्रणाली ते ठरवते’ असे उत्तर दिले. आम्हाला हवी होती मिनिटवार नोंद: फोन केव्हा आला, खातरजमा केव्हा झाली, पहिली मार्गिका केव्हा मोकळी झाली, आणि त्या प्रत्येक क्षणी रांगेचे शेपूट कुठे होते. तेवढे समोर ठेवले की तुकडीतले लोक आपल्या चुका आपणच दाखवतात, प्रशिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही. तसेच वाहनांच्या हालचालीतला योगायोग सुरुवातीला दिलेल्या ज्या एका आकड्यावर, म्हणजे बीजसंख्येवर, चालतो, ती संख्या जपून ठेवता आली, तर दोन तुकड्यांना अगदी सारखीच वाहतूक देऊन त्यांच्या निर्णयांची तुलना करता येते. ही छोटीशी सोय बहुतेक यंत्रणांत आत कुठेतरी असते. प्रशिक्षकाच्या पडद्यावर ती आणलेली नसते, इतकेच.

प्रत्येक सरावाला संगणक लागतोच, असेही नाही. टेबलावर रस्त्याचे चित्र पसरून, खेळण्यातल्या गाड्या मांडून पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय आणि क्रेन या चौघांना एकत्र बसवले, तर घटनास्थळी कोणाची गाडी कुठे उभी राहावी, हा नेहमीचा तंटा तासाभरात सुटतो. संगणक लागतो तो वेळ आणि रांग यांच्यासाठी, कारण या दोन गोष्टी टेबलावर वाढत नाहीत.

म्हणून अशी यंत्रणा घेण्याचा निर्णय ज्यांच्या हाती असेल, त्यांना माझी एक विनंती आहे. पुरवठादार प्रात्यक्षिक दाखवायला येईल, तेव्हा त्याचा तयार प्रसंग पाहूच नये. आपल्या एका प्रशिक्षकाला त्याच्या संगणकासमोर बसवावे, पुरवठादाराच्या माणसाला कीबोर्डपासून दूर उभे करावे, आणि दुभाजकाच्या दोन बाजूंनी आलेल्या दोन विसंगत फोनांचा साधा प्रसंग त्या प्रशिक्षकाकडून लिहून घ्यावा. तासाभरात तो लिहून झाला, चालवून पाहता आला आणि नकाशावर लाल ठिपका आपोआप उमटला नाही, तर मग किमतीची बोलणी सुरू करावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाहतूक प्रशिक्षक