उद्यमनगरच्या पेंटर मामांना

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं, बरं" म्हणून दुसराच विषय काढता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. शिवाय रंग मेला की गाडी थेट बफिंगला, म्हणजे मशीनने घासून चमकवायला, टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याही वाचनात हे यावं.

पप्पांना आता रात्रीचं दिसत नाही, त्यामुळे त्यांची गडद निळी स्विफ्ट माझ्याकडे आली. बॉनेटवर ऊन पडलं की गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं दिसायचं. "मशीन मारून चकाचक करून द्या," एवढंच सांगायला मी तुमच्या शेडमध्ये आले होते. गिऱ्हाईक आपल्या पायाने चालत आलेलं, तुम्ही दुपारपर्यंत काम उरकून पैसे घेतले असते तर त्यात काहीच वावगं नव्हतं. पण तुम्ही मला समजावत बसलात. सगळ्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ. कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, लावून मशीन फिरवलं की त्यातलाच थोडा जातो आणि गेलेला परत येत नाही. "आदी हातानं करून बघ. नाहीच जमलं तर मशीन हायच की." आणि सुट्टीच्या दिवशी शेडची एक बाजू रिकामी करून दिलीत.

धुण्यातच एवढं शिकण्यासारखं असेल असं मला वाटलं नव्हतं. आपल्याकडे गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीतली काजळी उडून गाड्यांवर बसते आणि सकाळी सगळे कोरड्या फडक्याने ती झटकतात. उसाच्या चिपाडाच्या त्या राखेत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार, आणि बॉनेटवरचं जाळं तिनेच विणलेलं, हे तुम्ही दाखवून दिलंत. मग आधी नुसत्या पाण्याचा मारा, हात अजिबात लावायचा नाही. नंतर दोन बादल्या, एक शाम्पूची, दुसरी साध्या पाण्याची. मायक्रोफायबरचा हातमोजा टपावरून खाली, सरळ रेषेत. दर खेपेला तो साध्या पाण्यात खळखळून घ्यायचा आणि मगच शाम्पूत बुडवायचा, नाहीतर काढलेली माती पुन्हा गाडीवरच. दारांच्या खालची पट्टी सगळ्यात शेवटी. कपड्यांची पावडर तर तुम्ही बादलीजवळही येऊ दिली नाहीत, कारण रंगावर असेल नसेल तेवढं वॅक्स ती धुऊन नेते. बोअरचं पाणी अंगावर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके पडतात, म्हणून टॉवेल नुसता पसरून ओढून घ्यायचा, घासायचा नाही.

आणि ती प्लॅस्टिकची पिशवी! गाडी धुऊन पुसून लख्ख दिसत होती. तुम्ही एक पातळ पिशवी माझ्या हातात चढवलीत आणि बॉनेटवरून अलगद फिरवायला सांगितलंत. बोटांना जे लागलं ते मी विसरणार नाही. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागत होता. ब्रेकच्या पॅडमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, असं सगळं रंगात रुतून बसलेलं. मग क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, कणकेसारखी मळून, चपटी करून, शाम्पूच्या पाण्यावर तरंगत ठेवल्यागत फिरवायची. सुरुवातीला ती अडते, खस् खस् आवाज येतो. हळूहळू आवाज थांबतो आणि ती आपोआप घसरायला लागते. तेवढा चौकोन झाला. उलटून बघितलं तर पांढऱ्या क्लेवर तपकिरी रेघा. ती घडी आत दुमडायची, नवी बाजू वर काढायची आणि पुढे सरकायचं. जमिनीवर पडली तर सरळ टाकून द्यायची, कितीही महाग असो.

हाताने पॉलिश करताना दंड भरून आले हे खरं. फोमच्या पॅडवर चार थेंब, वीतभर जागा, आधी उभं मग आडवं. तुम्ही मध्येच येऊन माझं मनगट सैल करून गेलात, "दाब नको, फेरे वाढव" म्हणालात. खोल ओरखडे गेले नाहीत आणि ते जाणार नव्हतेच, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. पण उथळ जाळं बरंचसं विरलं आणि निळ्या रंगातली मेटॅलिकची कणी पुन्हा दिसायला लागली. शेवटी कार्नोबा वॅक्सचा पातळ हात. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून निघणारं हे मेण उद्यमनगरात डबीतून लावलं जातं, याचं मला अजून अप्रूप आहे.

मामा, या कामाचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. क्ले आणि वॅक्सही तुमच्याच फळीवरचं. पण मी आभार मानतेय ते तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात त्याबद्दल. माझ्या हातातलं फडकं घेऊन तुम्ही तो पत्रा दहा मिनिटांत चमकवून काढला असता. तुम्ही ते घेतलं नाहीत. एवढी वर्षं पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरण्यात, रंगाची छटा जुळवण्यात घालवलेल्या माणसाने नवशिकीला इतका वेळ द्यावा, चिडू नये, घाई करू नये, हे मला नोकरीतही कुणाकडून मिळालेलं नाही. पप्पांनी संध्याकाळी दारावरून हात फिरवला आणि कुणाकडे टाकली होती म्हणून विचारलं. मी केली म्हटल्यावर त्यांनी गाडीभोवती पूर्ण चक्कर मारली.

हेडलाइटवरचा पिवळेपणा तेवढा राहिलाय. कुठल्या नंबरच्या वॉटर पेपरपासून (पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरपासून) सुरुवात करायची, ते विचारायला येत्या सुट्टीला येते. या वेळी सामान मी आणणार आहे.

आपली,
निळ्या स्विफ्टवाली