बर्फीचा डबा माझ्या गाडीतच राहिला

अर्व्हिंग, रविवार, ५ नोव्हेंबर २०२३

प्रिय मंग्या,

सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत चार वेळा फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि परत ठेवून दिला. फोनवर तू "काय बे" म्हणालास की मी काहीतरी इकडचंतिकडचं बोलून मोकळा होईन आणि खरं बोलायचं ते राहूनच जाईल. म्हणून पत्र. हस्ताक्षराची तक्रार करू नकोस, याच अक्षरातल्या वह्यांवर तू दोन सेमिस्टर काढली आहेस.

इकडे सगळे बरे. आईची शुगर ताब्यात आहे, माझ्या गुडघ्याचं तेच चाललंय. झालं.

आता त्या शुक्रवारचं. वीस ऑक्टोबर.

तू दुपारी केटीहून चार तास गाडी हाणत आलास, आमच्या दारात गाडी लावलीस आणि आपण तिघं, तू, मी आणि माझी चिमी, माझ्या गाडीतून आर्लिंग्टनला गेलो. बेसबॉलची उपांत्य मालिका, तुमचे ह्यूस्टनचे अ‍ॅस्ट्रोज आणि आमचे टेक्सस रेंजर्स, दोन-दोन. पहिल्या दोन आम्ही तुमच्या घरात येऊन जिंकलो होतो, पुढच्या दोन तुम्ही आमच्या घरात. सहाव्या इनिंगला आमच्या गार्सियाने तुमच्या व्हरलँडरला तो तीन धावांचा होमरन मारला तेव्हा मी तुला मिठी मारली, आठवतंय? तू भगव्या जर्सीत आणि मी निळ्या. मागचा माणूस म्हणाला, असं दृश्य फक्त टेक्ससमध्येच. तिथवर सगळं आपलं नेहमीचं होतं.

मग आठवी इनिंग. तुमच्या अब्रेयूचा पहिलाच बॉल गार्सियाच्या दंडावर बसला, दोन्ही संघ मैदानात धावले, खेळ थांबला, तुमचा मॅनेजर डस्टी बेकर बाहेर जायला तयार होईना. सगळं स्टेडियम उभं राहून ओरडत होतं, मीही ओरडत होतो. आणि मग मी तुझ्याकडे वळून म्हणालो, "तुम्ही चोरच. २०१७ पासून चोर."

चिमी मध्ये बसली होती.

मंग्या, ही गंमत आपण चार वर्षं केली आहे. सतरा साली तुमचे लोक कॅमेऱ्यातून समोरच्या कॅचरच्या खुणा चोरून बॅटरला कळवायला कचऱ्याचा डबा बडवायचे हे बाहेर आलं, जानेवारी २०२० मध्ये पन्नास लाख डॉलरचा दंड झाला, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर दोघेही घरी गेले. त्यानंतर तुझ्या घरी पत्ते खेळताना तू डाव जिंकलास की मी चकलीच्या डब्यावर चमचा बडवायचो. तू चिडायचास, पण हसत चिडायचास, आणि वहिनी तो डबा लपवून ठेवायच्या. तो आवाज वेगळा होता. त्या शुक्रवारचा माझा आवाज वेगळा होता, हे तुलाही कळलं आणि मलाही, तोंडातून शब्द निघता निघता कळलं. तू काही बोलला नाहीस. चिमीच्या हातातला पॉपकॉर्नचा पुडा नीट धरून दिलास आणि समोर बघत बसलास.

आणि मग नवव्या इनिंगला तुमचा आल्टुव्हे. दोघे बेसवर, तुम्ही दोन धावांनी मागे, आमच्या लेक्लर्कचा बॉल आणि तो पाच फूट सहा इंचांचा माणूस. बॉल डाव्या भिंतीपलीकडे गेला. पाच-चार. आपल्या रांगेतले चार अ‍ॅस्ट्रोजवाले खुर्च्यांवर चढून नाचत होते. तू बसून राहिलास. टाळीसुद्धा वाजवली नाहीस.

मला झोपू देत नाही ते हेच. हरलो त्याचं काही नाही, मी आयुष्यभर हरणाऱ्या संघाबरोबर राहिलोय. पण ज्या होमरनची तू नातवंडांना गोष्ट सांगशील, तो तुझ्या डोळ्यांसमोर झाला आणि तुला उठून ओरडता आलं नाही. ते मी तुझ्याकडून काढून घेतलं.

परत येताना गाडीत पंचवीस मिनिटं कुणी बोललं नाही. दारात आल्यावर तू म्हणालास, "निघतो मग." मी म्हणालो, "बरं." मंग्या, बरं! वरच्या खोलीत तुझी गादी घातलेली होती, उशाला तुला लागते ती कडक उशी ठेवलेली होती. हिने वांग्याची भाजी केली होती, तुझ्यासाठी मुद्दाम तिखट. ही दारात उभी, हात पुसत, माझ्याकडे बघतेय की हा आता तरी थांब म्हणेल. तुझ्या गाडीचे मागचे लाल दिवे वळणावरून गेले आणि मी अजून तिथेच उभा. बारा वर्षांत तू या घरातून न जेवता कधी गेला नाहीस. रात्री पाऊण वाजता तुझा मेसेज आला, "पोचलो." तेवढंच. मी जागा होतो. उत्तर दिलं नाही.

सकाळी गाडीत मागच्या सीटवर डबा दिसला. संत्रा बर्फी. काकूंनी नागपूरहून आणलेली, वरती त्यांच्या अक्षरात चिमीचं नाव. दोरीची गाठसुद्धा त्यांचीच, ती दुहेरी. डबा फ्रिजमध्ये आहे, मधल्या कप्प्यात, दुधाच्या मागे. उघडला नाही. चिमी रोज विचारते, मी रोज सांगतो, काका येऊन उघडेल.

तुझं हे अ‍ॅस्ट्रोजप्रेम खरं तर संत्र्यांतूनच सुरू झालं. तेरा साली तू पहिल्यांदा मला त्या मैदानात नेलंस, डावीकडे वर रुळांवर आगगाडी आणि डब्यात ही मोठीमोठी संत्री. तू म्हणालास, "आता सांग, नागपूरच्या माणसाने दुसरा कुठला संघ धरायचा बे?" मी म्हणालो होतो, अरे पण ते मागच्या वर्षी १०७ सामने हरलेत. त्या वर्षी १११ हरले! आणि तू प्रत्येक रविवारी टीव्हीसमोर, जसा विदर्भ दुबळा होता तेव्हा नागपुरात व्हीसीएच्या जुन्या मैदानावर क्रिकेट बघत बसायचास तसाच. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता. बोललो नव्हतो.

आपण पाहिलेली पहिली रेंजर्स-अ‍ॅस्ट्रोजही तीच. २ एप्रिल २०१३, आमच्या दार्विशने तुमचे सव्वीसच्या सव्वीस जण बाद केले होते, एकच उरला होता. शेवटच्या मार्विन गोन्झालेसने बॉल त्याच्याच दोन पायांच्या मधून काढला. सात-शून्य हरत असताना तू असा उड्या मारत होतास की जणू कप जिंकलात. मी आठवडाभर तुझ्याशी नीट बोललो नाही आणि तू रोज फोन करून विचारत होतास, "पायातून कसा गेला रे बॉल?"

पिचर नोलन रायनवरून आपण मॅडिसनव्हिलच्या बकीज पेट्रोलपंपाच्या दुकानात पाऊण तास भांडलोय, लोक वळून बघत होते. तुमच्याकडे नऊ वर्षं, आमच्याकडे पाच. ३४ नंबर दोघांनीही निवृत्त केला. पण हॉल ऑफ फेममध्ये त्याच्या डोक्यावर टोपी आमची. तू लगेच वसीम जाफर काढलास, की मुंबईचा असून रणजी जिंकून दिली ती विदर्भाला, आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित तोही मुंबईचाच. त्या हिवाळ्यात तुझं काय चाललं होतं! १ नोव्हेंबर २०१७ला अ‍ॅस्ट्रोज पहिल्यांदा विजेते, १ जानेवारी २०१८ला विदर्भ पहिल्यांदा विजेते. दोन महिन्यांत दोन. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाने एकेचाळीस रणजी करंडक सांगून तुला गप्प करायला बघावं, तर तू म्हणायचास, "एकेचाळीस तुम्हाला मोजावे लागतात, आम्हाला दोन्ही पाठ आहेत." (तेव्हा एकच होता रे. दुसरा पुढच्या वर्षी आला. हा माझा मुद्दा मी आजही सोडलेला नाही.)

पण २०१७च्या ऑगस्टबद्दल मी कधी माफी मागितली नाही. हार्वे वादळ आलं, तुझ्या हॉलमध्ये गुडघाभर पाणी, सोफा तरंगत होता, आणि आपण फोनवर भांडत होतो की सामने कुठे व्हावेत. तुमचं म्हणणं, सप्टेंबरच्या मालिकेशी अदलाबदल करा. आमचं म्हणणं, सप्टेंबरची तिकिटं विकली गेली आहेत, त्या लोकांनी काय करायचं. शेवटी ते सामने फ्लोरिडात झाले, रिकाम्या खुर्च्यांसमोर. मी तिकिटांची बाजू घेत होतो आणि तू एका हाताने पासपोर्ट आणि काकांचा फोटो वरच्या मजल्यावर नेत होतास. शनिवारी मी आलो, आपण दोघांनी ओला गालिचा उचलून बाहेर टाकला, तू विषय काढला नाहीस. तू कधीच काढत नाहीस.

आता जिंकल्याचं सांगतो.

या मालिकेची सातवी मॅच मी घरी पाहिली. अकरा-चार. सातही सामने पाहुण्यांनी जिंकले. वर्षभराचा हिशेब तर तुमच्याच बाजूचा: दोघेही ९० जिंकले, ७२ हरले, आपसातले नऊ तुम्ही जिंकलात, चार आम्ही, म्हणून विभाग तुमचा आणि आपसातल्या सामन्यांचा तो चांदीचा बूटही तुमचाच. सप्टेंबरमध्ये आमच्या मैदानात तीन दिवसांत १३, १४ आणि १२ धावा करून गेलात. हे सगळं मी मान्य करतो, लिहून देतो. दुसऱ्या दिवशी दसरा होता. दरवर्षी तुझा फोन पहिला येतो, सोनं घे म्हणून. नाही आला. यायचा तरी का? तो मी करायला हवा होता.

आणि परवा, बुधवारी, १ नोव्हेंबर. तुमच्यानंतर बरोबर सहा वर्षांनी, त्याच तारखेला. अंतिम मालिका आम्ही जिंकली, फिनिक्समध्ये पाच-शून्य. १९७२ साली संघ टेक्ससमध्ये आला, तेव्हापासूनचं पहिलंच विजेतेपद. ही झोपली होती, चिमी सोफ्यावर पेंगली होती. शेवटचा स्ट्राइक झाला आणि मी उभा राहिलो. मला ओरडायचं होतं, पण ओरडलो नाही. मला अकरा सालची ती रात्र आठवली. आपली ती एक खोलीची अपार्टमेंट, भाड्याचा टीव्ही, सेंट लुईसमधली अंतिम मालिकेची सहावी मॅच. नवव्या इनिंगला विजेतेपद एका स्ट्राइकवर, गेलं. दहाव्याला परत एका स्ट्राइकवर, आणि परत गेलं, तेही तुमच्या जुन्या बर्कमनच्या हातून. तेव्हा तुला बेसबॉल कळतही नव्हतं. तू विचारलंस, "म्हणजे संपलं का?" मी मान हलवली. तू उठून पिठलं टाकलंस, रात्री साडेअकराला, आणि ताट माझ्या मांडीवर ठेवून शेजारी बसलास. पहाटेपर्यंत बसलास. दुसऱ्या दिवशी तुझा इंटरव्ह्यू होता.

त्या स्ट्राइकची मी बारा वर्षं वाट पाहिली आणि तो पडला तेव्हा शेजारी तू नव्हतास, आणि नव्हतास तो माझ्यामुळे. शुक्रवारी चिमीला घेऊन मिरवणुकीला गेलो, गर्दी होती, लोक रडत होते, अनोळखी माणसं मिठ्या मारत होती. चिमी म्हणाली, "मंगेशकाकाला व्हिडिओ पाठवू?" मी म्हणालो, थांब, आधी मला बोलू दे.

तर हे बोलतोय. चोर म्हणालो ते चुकलं. थांब म्हणालो नाही ते त्याहून चुकलं.

तुझ्या नव्या प्रोजेक्टचं कळलं, छान झालं. धाकट्याचं तबल्याचं कसं चाललंय? काकूंचं परतीचं तिकीट दिवाळीनंतरचंच आहे ना? वहिनींना सांग, हिने भाजणी दळून ठेवली आहे, चकल्या तिकडेच येऊन करू.

शनिवारी ११ तारखेला सकाळी आम्ही निघतोय. दुपारपर्यंत केटीत पोचू. रात्री राहणार आहोत, तुझ्या थांब म्हणण्याची वाट न बघता. डबा आणतो, गाठ काकूंनीच सोडावी. आणि आल्यावर ती नववी इनिंग लाव, तुझ्याकडे रेकॉर्ड असणारच. मला तुझ्या शेजारी बसून ती परत बघायची आहे, आणि या वेळी तू उभा राहा.

तुझाच,
दिन्या

ता. क. चिमी विचारतेय, सीझन संपल्यावरही ती संत्र्यांची गाडी बघता येते का.