वळवाचा इशारा फलाटावरही द्या

मे महिन्यात दुपारभर अंगाची लाही लाही होते आणि चारच्या सुमारास ठाण्याच्या बाजूने आभाळ काळवंडले, की आमच्या मुलुंडच्या चाळीत गच्चीवरच्या कुरडया उचलायची धावपळ उडते. तापलेली जमीन आणि समुद्रावरचे बाष्प यांची गाठ पडली की वळीव गडगडतो. पण नेमका कुठे, हे जेमतेम दोन-तीन तास आधी कळते. हवामान खात्याचा तो तातडीचा इशारा मोबाइलवाल्यांपर्यंत पोहोचतो. टोपलीवाल्या मावशींचे काय? १३ मे २०२४ रोजी वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. फलाटावर लोकलच्या उशिराची घोषणा होते (तीही उशिराच!), तिथेच वादळाचीही व्हावी.

– एक वाचक, मुलुंड