डबलसीटसाठी घेतलेल्या शॉकअपमध्ये चुकीची स्प्रिंग : बदलून मिळण्याबाबत

चेंबूर, मुंबई
दि. ९ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

१४ जूनला मी तुमच्याकडून माझ्या ३५० सीसी मोटारसायकलसाठी मागच्या शॉकअपची जोडी १६,८०० रुपयांना घेतली. बिलावर तुम्हीच ‘डबलसीट भारासाठी’ असे लिहिले आहे. ऑर्डर घेताना तुमच्या माणसाने फोनवर आमची वजने विचारली. माझे ८१ किलो, पत्नीचे ६४, सामान पाच-सहा किलो, असे मी सांगितले. “त्या हिशेबाने स्प्रिंग घालून पाठवतो,” असे तो म्हणाला. त्या शब्दावर मी पैसे भरले.

ही खरेदी हौसेची नव्हती. सासूबाई पेणला एकट्या राहतात आणि त्यांची तब्येत बरी नसते, म्हणून एक रविवार सोडून आम्ही दोघे गाडीवरून जातो. अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा मानखुर्द, वाशी, पनवेल हाच रस्ता. पत्नीला कमरेचे दुखणे आहे. मागे बसणाऱ्याचे जवळजवळ सगळे वजन मागच्या चाकावर पडते. खड्डा दिसला की मी फुटरेस्टवर जोर देऊन अंग उचलतो. तिला समोरचे दिसतच नाही, त्यामुळे दणका सरळ तिच्या कमरेत जातो. डबलसीटचे शॉकअप चांगले हवेत ते याचसाठी.

२२ जूनला नव्या शॉकअपवर पहिल्यांदा निघालो. वाशीच्या खाडीपुलावर प्रत्येक सांध्याला मागून ‘ठक्’ असा आवाज येत होता आणि त्याबरोबर तिची बोटे माझ्या खांद्यात रुतत होती. पनवेलला ती उतरली आणि पुढे एसटीने गेली. कंपनीच्या मूळ शॉकअपवर इतकी वर्षे फिरलो, पण अशी वेळ कधी आली नव्हती.

तक्रार केली तेव्हा तुमचे उत्तर आले, “प्रीलोड वाढवा.” प्रीलोड म्हणजे स्प्रिंगला आधीच दाबून ठेवणे. तो वाढवला, पाचव्या म्हणजे शेवटच्या खाचेपर्यंत. मग मेकॅनिकसमोर टेप लावून मोजले. गाडी डबल स्टँडवर घेऊन, मागचे चाक लोंबकळत ठेवून, ॲक्सलपासून वरच्या मडगार्डच्या बोल्टपर्यंतचे अंतर घेतले. नंतर गाडी चाकांवर उभी करून आणि शेवटी आम्ही दोघे बसून पुन्हा घेतले. नुसती गाडी ४ मिलिमीटर दबते, आम्ही दोघे बसलो की ४७. चाकाला वरखाली होण्यासाठी एकूण ९० मिलिमीटरचा खेळ आहे. बसल्याबसल्या त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३० च्या आसपास, खर्च व्हावा. इथे निम्म्याहून जास्त जातो. एका शॉकअपच्या दांड्यावरचे रबर आपटून चपटे झाले आहे आणि त्यावर काळी चकचकीत कड उमटली आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीचा मागचा भाग फक्त वर उचलला जातो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. शेवटच्या खाचेवर मी एकटा चालवतो तेव्हा गाडी हिसके देते, आणि दोघे बसलो की तरीही आपटते. याचा अर्थ स्प्रिंगच मऊ आहे. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्याच मॉडेलच्या गाडीसाठी तुमचीच जोडी घेतली आहे. तो एकटाच फिरतो, वजन ६० किलो. त्याच्या आणि माझ्या स्प्रिंगवर एकच नंबर छापलेला आहे. मग आमची वजने विचारली कशासाठी?

दुसऱ्या तक्रारीवर तुम्ही कळवले की बाहेरच्या गॅरेजमध्ये बसवल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. खोक्यातल्या तुमच्याच कागदावर ‘कुशल मेकॅनिककडून बसवून घ्यावे’ असे छापले आहे. शिवाय वरखालचे दोन बोल्ट कुणीही आवळले तरी त्याने स्प्रिंग मऊ पडत नाही. हे उत्तर वाचून मला फार वाईट वाटले. चूक झाली असे म्हणाला असता, तर हे पत्र लिहावे लागले नसते.

आमच्या वजनाला योग्य स्प्रिंग आणि तिला साजेसे रिबाउंड डॅम्पिंग (दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरणे) करून जोडी बदलून द्यावी. फक्त कडक स्प्रिंग घालून पाठवू नका. डॅम्पिंग तेच राहिले तर दबलेली स्प्रिंग जोरात उसळेल आणि मागच्या माणसाला सीटवरून उडवेल. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. दोन्ही वेळा कुरिअरचा खर्च तुमचा राहील.

२७ ऑगस्टला गणपती आहेत आणि आम्हाला पेणला जायचे आहे, म्हणून २२ ऑगस्टपर्यंत लेखी उत्तर हवे. तोवर उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन. जुने शॉकअप पुन्हा बसवले आहेत. तुमची जोडी मूळ खोक्यात भरून ठेवली आहे, माणूस पाठवलात की लगेच देतो.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, मोजमापाचे व रबराचे फोटो, दोन्ही गाड्यांच्या स्प्रिंगवरील नंबरचे फोटो