अन्नपूर्णा सर्किटची पायी फेरी विकून जीपने उरकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ऑक्टोबरच्या तुकडीत कार्यक्रम परस्पर बदलल्याबद्दल व परताव्याबाबत

महोदय,

फोन करून थकलो. दर वेळी ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून लेखी कळवत आहे.

नेपाळमधल्या या फेरीच्या तुमच्या पत्रकात बेसीसहरपासून पायी सुरुवात, चामे, वरचं पिसांग, घ्यारू, मनांगला विश्रांतीचा दिवस आणि मग फेदीमार्गे थोरांग ला ही खिंड (५,४१६ मीटर) ओलांडून मुक्तिनाथ, असा कार्यक्रम छापलेला आहे. बेसीसहरला रात्रीच्या जेवणानंतर तुमच्या लीडरने जाहीर केलं, उद्या जीपने थेट मनांग. ‘रस्ता झालाय, धुळीत कशाला चालायचं?’ धुळीचं खरं आहे. मर्स्यांगदीच्या काठची बरीचशी जुनी वाट आता गाड्यांनी खाल्ली आहे, आणि चामेपर्यंतच जीप घेतली असती तर मी एवढा कागद काळा केला नसता.

पण बेसीसहर आठशे मीटरच्या आसपास, मनांग साडेतीन हजारांवर. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हे तुमच्याच पत्रकाच्या मागच्या पानावर लिहिलं आहे. ही फेरी बहुतेक लोक घड्याळाच्या उलट दिशेने करतात ती याचसाठी. पूर्वेकडचा, म्हणजे बेसीसहरच्या बाजूचा, चढ सावकाश आहे. मुक्तिनाथकडून खिंड गाठायची तर जवळपास १,६०० मीटर चढ एका दमात अंगावर येतो. ती सावकाश बाजूच तुम्ही गाडीत बसवून संपवलीत. वर मनांगचा विश्रांतीचा दिवसही कापला. तिथल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या केंद्रात विरळ हवेच्या आजाराबद्दल माहिती देतात, तेवढं ऐकून येतो म्हटलं तर ‘वेळ नाही’.

फेदीला (सुमारे ४,४५० मीटर) माझ्या खोलीतल्या सोबत्याला ताटातला भात बघवेना. पहाटे त्याला बुटाची नाडी बांधता येईना. सरळ चालून दाखव म्हटलं, तर त्याने भिंत धरली. लीडर म्हणाला, थंडीमुळे होतं, गरम पाणी प्या. ऑक्सिमीटर मागितला, निघाला, पण त्यात सेल नव्हते! शेवटी लॉजच्या मालकाने घोडा मिळवून दिला आणि एका पोर्टरला सोबत घेऊन आम्ही दोघे मनांगला उतरलो. खाली येताच त्याची तब्येत सुधारू लागली. घोड्याचे आणि पोर्टरचे पैसे आमच्या खिशातून गेले. खिंड राहिलीच.

आणि तुमच्या ईमेलमध्ये काय, तर ‘सहभागींनी वैयक्तिक कारणाने ट्रेक सोडला, परतावा देय नाही’. हे वाक्य मला मान्य नाही. ते लेखी मागे घ्या.

न चाललेल्या टप्प्यांचे आणि रद्द केलेल्या मुक्कामाचे पैसे, तसंच घोडा व पोर्टरचा खर्च आम्हा दोघांनाही परत करावा. पुढच्या तुकड्यांना जीपनेच न्यायचं असेल तर पत्रकात तसं स्पष्ट छापा, आणि मनांगचा दिवस मात्र वगळू नका.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत : पत्रकाची प्रत, पैसे भरल्याची पावती, मनांगच्या केंद्रातला तपासणीचा कागद, तुमचा ईमेल.

आपला,
तुकडीतील एक ग्राहक
(बुकिंग क्रमांक पावतीवर आहे)